पाऊस लागून राहिला की सोयाबीन पिवळं पडतं? आधी मातीतली हवा मोजा

दरवर्षीचं ठरलेलं. जूनच्या शेवटी पेरणी, उगवण झकास, पीक तीन-चार पानांवर येतं आणि मग आठ-दहा दिवस झड लागते. ऊन पडेपर्यंत अर्धं रान पिवळं. मग धावपळ. कोणी म्हणतं लोह कमी पडलं, कोणी म्हणतं गंधक, कोणी सरळ युरिया फेकायला सांगतं. आपण काहीतरी आणून फवारतो, आठवड्यात पीक हिरवं होतं, औषध लागू पडलं म्हणून आपण खूश. पुढल्या वर्षी पुन्हा तेच.

मी हे चार हंगाम केलं. परभणी जिल्ह्यातली काळी भारी जमीन, कोरडवाहू. पाचव्या वर्षी फवारताना शेवटच्या चार तासांना (पिकाच्या ओळींना) पंप संपला आणि पुन्हा भरायचा कंटाळा आला, म्हणून ती तशीच सोडली. फवारलेलं रान सहाव्या दिवशी हिरवं झालं. सोडलेली चार तासं आठव्या दिवशी. फरक दोन दिवसांचा. म्हणजे चार वर्षं मी ज्याला औषधाचा गुण समजत होतो, त्यातला बराचसा गुण उघडलेल्या पावसाचा होता.

दुसरी गोष्ट त्याच दिवशी धुऱ्यावर उभं राहिल्यावर दिसली. पिवळेपणा रानभर सारखा नव्हता. ट्रॅक्टर जिथे वळतो ती पट्टी सगळ्यात पिवळी, आणि रानात चाकांच्या अंतरावर दोन-दोन फिकट रेघा सरळ गेलेल्या. रोग काही असा सुतळी धरून पडत नाही. अन्नद्रव्यही चाकाच्या मापाने कमी होत नाही.

पिवळं पडलं, पण कसं?

पुढं वाचण्याआधी रानात जाऊन पानं बघा, कारण पिवळ्याचे प्रकार वेगळे आणि उपायही वेगळे.

शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील, तर लोह मिळत नाहीये. ही पोस्ट मुख्यतः त्याच्यासाठी. खालची जुनी पानं आधी पिवळी पडून वर सरकत असतील तर नत्र. हे दोन्ही एकाच रानात एकाच वेळी दिसू शकतं, माझ्याकडं दिसलं होतं, आणि त्याचं कारणही एकच निघालं. पानावर हिरवे-पिवळे चट्टे एकमेकांत मिसळल्यासारखे आणि झाडं इथं एक तिथं एक अशी असतील तर तो पिवळा मोझॅक. तो विषाणू आहे, पांढरी माशी पसरवते. त्याला मातीचा काही संबंध नाही. ती झाडं उपटून टाका आणि माशीच्या मागे लागा.

मग एक झाड खुरप्याने मातीसकट उचला, ओढून नको. मुळाच्या गाठी नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर रंग असेल तर गाठी काम करतायत. पांढऱ्या, हिरवट किंवा मऊ पडलेल्या असतील तर बंद आहेत. आणि माती नाकाला लावा. कुबट, साचलेल्या गटारासारखा वास आला तर अर्धं निदान तिथंच झालं. माझ्या झाडाचं सोटमूळ वीतभर खाली जाऊन चक्क आडवं वळलं होतं, इंग्रजी एल अक्षरासारखं.

मातीत माती निम्मीच

शाळेत शिकलेली आकृती आठवा. चांगल्या जमिनीचं आकारमान धरलं तर साधारण ४५ टक्के खनिज कण, ५ टक्क्यांपर्यंत सेंद्रिय पदार्थ, २५ टक्के पाणी आणि २५ टक्के हवा. म्हणजे ज्याला आपण माती म्हणतो त्यातली निम्मी जागा मोकळी असते, आणि त्या मोकळ्या जागेत पाणी आणि हवा भाऊबंदांसारखे वाट्यासाठी भांडत असतात. पाणी वाढलं की हवा तेवढीच कमी.

हे ५ टक्के सेंद्रिय पदार्थ आपल्याकडं विसरायचे. आपल्या कोरडवाहू रानांचा सेंद्रिय कर्ब (सेंद्रिय पदार्थातला कार्बन) बहुतेक अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा खाली असतो, त्याला १.७२ ने गुणलं की सेंद्रिय पदार्थ मिळतो, म्हणजे वजनाने एक टक्काही नाही.

आता आपली मृद आरोग्य पत्रिका, म्हणजे माती परीक्षणाचा सरकारी कागद, काढा. २०१५ साली योजना आली तेव्हापासून तिच्यावर १२ ओळी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज), बोरॉन, सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. पत्रिका उपयोगाची आहे, मी दर तीन वर्षांनी काढतो. पण त्या बारा ओळींत हवा कुठं आहे? पाणी कुठं आहे? चिकणमाती किती, तेही नाही. प्रयोगशाळेत माती वाळवून, कुटून, चाळून जाते. कुटली की तिच्यातल्या पोकळ्या गेल्याच. पिवळेपणाचं उत्तर मी चार वर्षं अशा कागदात शोधत होतो ज्याच्यात ते असूच शकत नव्हतं.

गंमत म्हणजे आपल्या भाषेत या मोजमापाला शब्द शेकडो वर्षांपासून आहे: वाफसा. रानात वाफसा आला म्हणजे मोठ्या पोकळ्यांतलं पाणी उतरलं, तिथं हवा शिरली आणि बारीक पोकळ्यांत मुळाला पुरेल इतकं पाणी राहिलं. बाप-आजा मूठभर माती दाबून गोळा करायचे आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडायचे. गोळा फुटला तर वाफसा, चपटा झाला तर थांबा. पण ही परीक्षा वरच्या मातीची. माझं दुखणं खाली होतं.

डब्याचा प्रयोग

खर्च शून्य. एक पत्र्याचा डबा, धारदार काठाचा, साधारण लिटरचा. तळ कापायच्या आधी पाणी भरून नेमकं माप घ्या (मी आधी तळ कापला आणि मग भूमिती आठवत बसलो). पाऊस थांबून तीन-चार दिवस झाले की, वरची माती कोरडी दिसायला लागल्यावर, डबा लाकडाची फळी ठेवून हळूहळू ठोकत आत घाला. भोवतालून खणून अखंड बाहेर काढा, दोन्ही तोंडं सुरीने सपाट करा, आतली सगळी माती काढून वजन करा. मग ती वाळवा. प्रयोगशाळेत १०५ अंशांवर चोवीस तास ठेवतात. काळी माती उन्हात पूर्ण वाळत नाही, पाणी धरून बसते, म्हणून मी जुन्या तव्यावर मंद आचेवर परतली. घरात दोन दिवस बोलणी खाल्ली, ते वेगळं. वजन कमी व्हायचं थांबलं की झालं.

एक डबा वरच्या थरातला, आणि वीतभर माती बाजूला करून एक खालच्या थरातला. माझे आकडे असे आले:

वरचा थर: ओली १५३० ग्रॅम, कोरडी ११५०.
खालचा थर: ओली १८९०, कोरडी १४८०.

हिशोब सोपा आहे. मातीच्या कणांची घनता जवळपास सगळीकडं मिलिलिटरला २.६५ ग्रॅम धरतात. एक लिटर डब्यातली १४८० ग्रॅम कोरडी माती म्हणजे १४८० भागिले २.६५, साधारण ५६० मिलिलिटर भरीव कण. उरलेली पोकळी ४४० मिलिलिटर. ओल्या-कोरड्या वजनाचा फरक ४१० ग्रॅम, म्हणजे ४१० मिलिलिटर पाणी. तर हवा किती? ३० मिलिलिटर. तीन टक्के.

वरच्या थरात हाच हिशोब केला तर पोकळी ५६-५७ टक्के, पाणी ३८, हवा १९ च्या आसपास. साधारण दहा टक्क्यांच्या खाली हवा गेली की मुळं गुदमरायला लागतात असं धरतात. म्हणजे वर सगळं आलबेल, आणि वीतभर खाली मूळ नाक दाबून बसलेलं, तेही पाऊस थांबून चार दिवस झाल्यावर.

मग खात्रीसाठी तिसरा डबा बांधावरच्या लिंबाखाली त्याच खोलीवर ठोकला, जिथं कधी चाक गेलं नाही. कोरडं वजन ११९०. पोकळी ५५ टक्के. माती तीच, खडक तोच, पाऊस तोच. अकरा टक्के पोकळी माझ्या ट्रॅक्टरने आणि रोटाव्हेटरने (फिरत्या पात्यांच्या मशागतीच्या अवजाराने) खाल्ली होती. रोटाव्हेटरची पाती दरवर्षी त्याच खोलीवर फिरतात, वरची माती भुगा होते आणि पात्यांखाली गिलावा केल्यासारखा थर बसतो. माझं एल आकाराचं मूळ नेमकं त्या थरावर वळलं होतं.

मग लोह कुठं गेलं?

आपली काळी माती बेसाल्ट झिजून झाली, साडेसहा कोटी वर्षांमागच्या लाव्हाची. बेसाल्टमध्ये गारगोटीची खनिजं जवळपास नाहीत, म्हणून झिजल्यावर वाळू कमी उरते आणि चिकणमाती जास्त होते. भारी रानात निम्म्याहून अधिक. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरहून लहान. त्यातही आपल्याकडचा प्रकार पाणी पिऊन फुगणारा. उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा आणि पावसात त्याच भेगा फुगून बंद, हे त्याचंच. फुगली की मोठ्या पोकळ्या मिटतात आणि पाणी उतरायला वाटच राहत नाही.

पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. म्हणजे पोकळी पाण्याने भरली की मुळाचा पुरवठा तोडल्यातच जमा. मुळं आणि जिवाणू मात्र श्वास घेतच राहतात. त्यांनी सोडलेला कर्बवायू अडकतो, आणि आपल्या रानात चुनखडी भरपूर असल्यामुळं त्याचं पाण्यात बायकार्बोनेट होतं. हे बायकार्बोनेट लोहाची वाट अडवतं. सामू आठच्या पुढं असल्यामुळं लोह तसंही मातीत घट्ट बसलेलं. बेसाल्टच्या मातीत एकूण लोह शेकड्यात काही भाग असतं आणि झाडाला उचलता येण्यासारखं दहा लाखांत साडेचार भागही नसतं, म्हणजे घागर भरलेली पण तोंड शिवलेलं.

नत्राचंही तसंच. गाठीतल्या जिवाणूंना प्राणवायू लागतो, तो तुटला की गाठी बंद. आणि हवा नसलेल्या मातीत दुसरे जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात आणि नत्र वायू होऊन उडून जातं. साचलेल्या पाण्यात युरिया फेकणं म्हणजे पैसे हवेत सोडणं, शब्दशः.

उभ्या पिकात काय करता येतं

पहिलं काम पाणी काढणं. उताराच्या टोकाला धुरा फोडून चर काढा, बाकी सगळं नंतर. दुसरं, वरचा वाफसा आला की कोळपं (दोन ओळींमधली माती हलवायचं अवजार) घाला, उथळ. वरचा पापुद्रा फुटला की हवा शिरते. माझ्या अनुभवात उभ्या पिकात याच्याइतका स्वस्त उपाय नाही. वाफसा नसताना कोळपं घालू नका, ओल्या मातीला कोळप्याची पास (लोखंडी पट्टी) घासून आणखी लिंपण होतं.

फवारणी करायचीच तर हिराकस (फेरस सल्फेट) अर्धा टक्का, म्हणजे दहा लिटरला ५० ग्रॅम, त्यात थोडं लिंबूसत्त्व टाकून, ताजं ताजं, संध्याकाळी. ती वाईट नाही. चुनखडी जास्त असलेल्या रानात आणि झड पुन्हा येणार असेल तर ती पीक तारते. फक्त तिला रोगावरचं औषध समजू नका. ती सलाईन आहे. आणि जमिनीतून हिराकस टाकायच्या भानगडीत पडू नका, चुनखडीत ते काही दिवसांत निकामी होतं.

पुढच्या वर्षी पुन्हा होऊ नये म्हणून

थर फोडायला सबसॉयलर (खोलवर जाणारा ट्रॅक्टरचा फाळ) लागतो आणि तो कोरड्यातच चालवायचा, एप्रिल-मेमध्ये, जमीन भेगाळलेली असताना. कोरडा थर तडकतो. ओल्यात फाळ नुसती चीर पाडतो आणि कडा घासून गुळगुळीत करतो. दिवाळीनंतर ओल असताना घाईने केलेल्या माझ्या एका एकराला काडीचा फरक पडला नाही. भाडं गेलं ते गेलंच.

थर फोडून पुन्हा तेच रोटाव्हेटर फिरवलं तर दोन-तीन हंगामांत थर परत बसतो. मी आता वखराच्या (माती न उलटता वरवर हलवणाऱ्या अवजाराच्या) पाळ्या देतो, रोटाव्हेटर बंद.

पेरणी रुंद वरंबा-सरी यंत्राने, म्हणजे बीबीएफने. चार तासांचा उंच गादीवाफा आणि दोन्ही बाजूंनी सरी. झडीत पाणी सरीत उतरतं, मुळाजवळ वीतभर माती तरी हवेशीर राहते. पाऊस ताणला तर तीच सरी ओल धरते. यंत्र मिळालं नाही तर तिफणीने पेरताना दर काही तासांनंतर एक तास मोकळं सोडून तिथं नंतर सरी पाडा. अर्धं काम होतं.

सेंद्रिय पदार्थाबद्दल जरा सविस्तर, कारण इथं फसवणूक फार आहे. एकराची वीतभर खोल माती साधारण नऊ लाख किलो भरते. कर्ब ०.४ वरून ०.५ करायचा म्हणजे नऊशे किलो कर्ब, म्हणजे दीड टनाहून जास्त सेंद्रिय पदार्थ, आणि तोही टिकून राहिलेला. शेणखतात निम्मं पाणी, उरलेल्यातला मोठा भाग जिवाणू खाऊन वायू करून टाकतात. एका वर्षात कर्ब दुप्पट करणारी बाटली कोणी विकत असेल तर त्याला हा हिशोब मांडायला सांगा. भुसकट न जाळणं, हरभऱ्यात काड्यांचं आच्छादन, जमेल तेव्हा ताग गाडणं, मिळेल तेवढं कुजलेलं शेणखत. रस्ता हाच आणि लांबचा. पण फायदा कर्बाच्या आकड्याआधी दिसतो. गांडुळांची बिळं आणि कुजलेल्या मुळांच्या नळ्या हवेचे खरे बोगदे आहेत.

एक ढेकूळ काचेच्या ग्लासात पावसाच्या पाण्यात अलगद सोडून बघा, ढवळायचं नाही. ढासळून तळाशी ढीग झाला पण पाणी नितळ राहिलं, तर सेंद्रिय पदार्थ कमी आहे. ढेकळाभोवती दुधासारखा ढग पसरला आणि तासाभराने पाणी गढूळच राहिलं, तर ती चोपण जमीन असण्याची शक्यता मोठी, सोडियम जास्त. तिथं जिप्समचं काम आहे, पण माती परीक्षण करून मात्रा ठरवून. माझं ढेकूळ ढासळलं, पाणी नितळ. जिप्समचा खर्च वाचला.

दोन चुका मात्र सांगतोच. पहिली माझी. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही सरकारी योजना सुरू झाल्यावर सगळे तलावातला गाळ आणत होते, मीही आणला आणि याच भारी रानात पसरला. गाळ हलक्या, मुरमाड रानासाठी सोनं आहे. भारी काळीत तो चिकणमातीत चिकणमातीची भर. दुसरी शेजाऱ्यांच्या डोक्यातली: वाळू टाकून जमीन भुसभुशीत करू. करा हिशोब. चिकणमाती ५५ टक्क्यांवरून ४५ वर आणायला एकरी दोनशे टन वाळू लागेल, डझनभर हायवा (मोठे टिपर ट्रक). एवढ्या पैशात दुसरं रान बघावं.

दोन उन्हाळ्यांनंतर खालच्या थरातला डबा पुन्हा ठोकला: कोरडं वजन १३४०, म्हणजे पोकळी ४९ टक्के. बांधाच्या ५५ ला अजून पोचलो नाही. यंदा झड नऊ दिवस होती. वळणाची पट्टी पिवळी झाली, बाकी रान फिकट होऊन चौथ्या दिवशी सावरलं, फवारणी केली नाही. नाल्याकडचा कोपरा मात्र अजूनही चिबाडतो, पाणी धरून बसतो. तिथं वरून नाही, बाजूने पाणी झिरपतंय असं वाटतं, कारण पाऊस नसतानाही खड्ड्यात फूटभरावर पाणी लागतं. त्याला सबसॉयलर नाही, खोल चर लागणार. यंदा उन्हाळ्यात तिथं सोयाबीनचा नाद सोडून आधी चर खोदायचा आहे.